खेळ कुठला, की कुठपर्यंत?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



मागच्या सभेत एका ताईंनी गटाकडे पंधरा हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी नववीत, कबड्डी चांगली खेळते. पण कुणीतरी त्यांना सांगितलं, "कबड्डी काय, सगळ्याच खेळतात. अकरावीला मुंबईला मामाकडे पाठवायची असेल तर रायफल शूटिंग नाहीतर स्केटिंग लावा, उठून दिसेल." कर्ज द्यायचं की नाही ते गट ठरवेल. पण मला बोलायचंय, कारण मी त्यातून गेलेय.

मी परळच्या चाळीत वाढले. लालबाग-परळला कबड्डी गल्लीगल्लीत, मंडळांच्या स्पर्धा रात्री लाइट लावून चालायच्या. आम्ही मुली खो-खो खेळायचो. माझी अकरा प्रमाणपत्रं आईने लॅमिनेशन करून ठेवली होती. अकरावीला खेळाडूंच्या जागेसाठी ती फाइल घेऊन गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत परत दिली. सगळी मंडळांची! शालेय स्पर्धेचं एकही नाही, कारण शाळेने आमचा संघ कधी पाठवलाच नव्हता. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

म्हणजे खो-खो साधा खेळ म्हणून मी मागे पडले नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला. कॅप्टन होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आणि क्रिकेट तर मुंबईत पोरगं-पोरगं खेळतं. तरी आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात आणायला सांगितलं, कारण त्या शाळेच्या संघाला मोठे सामने मिळायचे. 1988 ला हॅरिस शील्डमध्ये त्याने आणि कांबळीने 664 धावांची भागीदारी केली, ती शाळेच्याच संघातून.

कमी खेळल्या जाणाऱ्या खेळात संघ थोडे, म्हणून राज्यापर्यंत लवकर पोचता येतं, हे खोटं नाही. पण रायफल आणायची कुठून, आणि सराव कुठे करायचा? कबड्डीला मैदान पुरतं. बोगस प्रमाणपत्रांच्या नादाला तर लागूच नका, सरकारी नोकरीच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणात ती तपासली जातात, मागे पकडलीही गेलीत.

अगदी लहान मुलांसाठी तर हा खर्च करूच नका. पहिलीत घेताना मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि 25 टक्के जागा सोडतीने भरतात. सोडतीत स्केटिंग कोण बघणार?

मोठ्यांच्या बाबतीत शालेय स्पर्धा बघा: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दहावीच्या वाढीव गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. म्हणून त्या ताईंना मी विचारलं, "शाळेने कबड्डीचा संघ तालुक्याला पाठवला का?" त्यांना माहीत नव्हतं. सोमवारी आम्ही दोघी खेळाच्या सरांना भेटायला जातोय. ज्यांच्या मुली आठवी ते दहावीत खेळतात त्यांनी सोबत या, दहाच्या एसटीने निघू. प्रमाणपत्रं असतील ती आणा, मंडळांचीसुद्धा.