समुद्रावरची ड्यूटी आणि हेलिकॉप्टरचा प्रवास

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीपुढे अपघाताचा विषय कशाला, असं कार्यकारिणीतल्या एकदोघांनी विचारलं होतं. तरी आम्ही विषय बदलला नाही. बडोद्यातल्या आपल्या मंडळींत 'चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी' अशी नोकरी करणारी घरं आहेत. मकरपुऱ्याला ओएनजीसीचं कार्यालय झाल्यापासून हे चालत आलं आहे. या सभागृहातही ती घरं बसली आहेत, आणि कुणाचा मुलगा किंवा जावई आज बाप्पाच्या दर्शनाला आलेला नाही, कारण तो बॉम्बे हायला आहे.

आम्ही स्वतः राज्य सरकारचे नोकर, यांत्रिकी शाखेचा डिप्लोमा केलेले. आमचा रोजचा संबंध पंप, मोटार आणि गिअरबॉक्सशी. हेलिकॉप्टर आम्ही चालवत नाही. पण त्याचं मर्म गिअरबॉक्समध्येच आहे, म्हणून चार शब्द बोलायचं धाडस करतो.

बॉम्बे हाय, म्हणजे आताचं मुंबई हाय, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर. 1974 साली 'सागर सम्राट' रिगने तिथे तेल शोधलं, 1976 पासून उत्पादन सुरू झालं. माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. आपण स्टेशनवर रिक्षा पकडावी इतकी ती रोजची गोष्ट आहे, आणि तेवढ्यामुळेच घरी तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

28 जून 2022 रोजी पवन हंसचं सिकोर्स्की एस-76डी हेलिकॉप्टर 'सागर किरण' रिगकडे निघालं होतं. आत नऊ माणसं. रिग साधारण दीड किलोमीटरवर असताना ते समुद्रात उतरलं. रिगवरच्या लाइफबोटीने एकाला वाचवलं, 'मालवीय-16' जहाजाने चौघांना. बाकीचे चौघे गेले. त्यांतले तिघे ओएनजीसीचे कर्मचारी होते, चौथा ठेकेदाराकडचा. त्याआधी 13 जानेवारी 2018 ला पवन हंसचंच डॉफिन पडलं आणि त्यातले सातही जण गेले, पाच ओएनजीसीचे अधिकारी आणि दोन वैमानिक. त्याही आधी, ऑगस्ट 2003 मध्ये, मुंबईजवळच्या समुद्रात एमआय-172 पडून 27 जणांचा जीव गेला होता.

आता प्रश्न असा की, पाण्यावर उतरलेलं हेलिकॉप्टर बुडतं का? फ्लोट म्हणजे फुगणारे फुगे असतात, ते त्याला तरंगत ठेवतात. खरा धोका उलटण्याचा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, रोटर हे सगळं वजन डोक्यावर. वर हंडे रचलेली होडी डोळ्यांपुढे आणा. एक मोठी लाट पुरे. मग फ्लोट वर, माणसं खाली, डोकं पाण्यात आणि पट्टा आवळलेला. डोळे उघडले तरी नीट दिसत नाही, आणि डावं-उजवं बदललेलं असतं.

यासाठीच एक प्रशिक्षण असतं. हेलिकॉप्टरसारखी पेटी पोहण्याच्या तलावात सोडतात आणि माणसांसकट उलटी करतात. त्यात शिकवतात ते सोपं आहे, पण शरीराला उलटं वाटतं. पाणी आत शिरलं की लगेच पट्टा सोडायचा नाही. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट, दुसरा पट्ट्याच्या बकलावर. पेटी फिरायची थांबली की खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा, आणि कडेवरचा हात न सोडता बाहेर निघायचं. पट्टा आधी सोडला तर माणूस आतल्या आत तरंगतो आणि खिडकी कुठे ते हरवून बसतो. लाइफजॅकेट आत असताना फुगवायचं नाही. फुगवलं तर ते तुम्हाला वर दाबून धरतं आणि खाली वाकून खिडकीतून निघता येत नाही. जीव वाचवण्याची वस्तूच वाट अडवते, हे घरच्यांनाही ठाऊक असावं.

ऑगस्ट 2013 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपाशी एक सुपर प्यूमा समुद्रात पडून उलटलं. फ्लोटमुळे ते तरंगत राहिलं, तरी अठरांपैकी चौघे गेले. ब्रिटनच्या विमान वाहतूक खात्याने त्यानंतर नियम कडक केले. प्रवाशाजवळ पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन हवं. आणि खांदे 55.9 सेंटिमीटरहून रुंद असतील तर त्या माणसाला मोठ्या खिडकीशेजारीच बसवायचं. खांद्यांची मापं घेतली! आमच्या खात्यात असा ठराव आला असता तर आधी टेपखरेदीची तीन कोटेशनं मागवली असती, पण तिथे ते झालं.

आता गिअरबॉक्स. 12 मार्च 2009 ला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून तेलक्षेत्राकडे निघालेलं सिकोर्स्की एस-92 समुद्रावर आदळलं. अठरापैकी एकच माणूस पाण्याखालून निसटून वाचला. कारण काय, तर गिअरबॉक्सच्या ऑइल फिल्टरची वाटी धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या तीन स्टडपैकी दोन तुटले. तेल गेलं, आणि दहा-अकरा मिनिटांत सगळं संपलं. आमच्यातल्या प्रत्येकाने कधीतरी पंपाचा तुटका स्टड हातात घेतला आहे. तो असा एकदम तुटत नाही, आधी थकतो. त्या वाटीची फिल्टर बदलताना वारंवार उघडझाप व्हायची.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त टोचते. तसाच स्टड जुलै 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात तुटला होता, तिथे हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. म्हणून निर्मात्याने जानेवारी 2009 मध्ये कळवलं की पोलादी स्टड बसवा, मुदत एक वर्ष किंवा 1250 तास. अपघात त्या मुदतीच्या आत झाला. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकाचा हुकूम निघाला: पुढच्या उड्डाणाआधी बदला. जे काम वर्षभरात करायचं होतं ते काही दिवसांत झालं. म्हणजे ते आधीही होण्यासारखं होतं. सरकारी कागदावर 'यथावकाश' लिहिणाऱ्या आम्हा लोकांना ही तारखांची रांग नीट वाचता येते.

तेव्हा घरी जे विचारायचं ते विचारा. तुझं ते तलावातलं प्रशिक्षण केव्हा झालं, पुन्हा केव्हा आहे? खिडकीजवळ बसतोस का? ठेकेदाराकडून जाणाऱ्या पोरांनी तर हे आधी विचारावं, कारण त्यांच्या वतीने विचारणारं कुणी नसतं. 'नोकरी जाईल' या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला निदान आईवडिलांनी तरी बोलतं करावं.

वेळ झाली आहे, आरतीचं तबक तयार आहे. आपल्या मंडळातले दोघे पुढच्या रांगेत बसले आहेत, त्यांनी हे प्रशिक्षण दोनदा घेतलं आहे. आरती झाल्यावर ते इथेच थांबतील. पट्टा आणि खिडकी ते खुर्चीवर बसून करून दाखवतील.