वेबसाइट स्पॅनिश झाली, पण दुकान स्पॅनिश झालं नव्हतं

आजचा भाग थोडा वेगळा आहे. कुठल्या नव्या फ्रेमवर्कबद्दल बोलणार नाहीये. माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात ना, की आपला माल, आपलं अ‍ॅप परदेशात विकायचं तर कसं? त्यांनी आज नक्की शेवटपर्यंत ऐका.

तर झालं असं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या टीमकडे मेक्सिकोचा एक क्लायंट आला. लहान मुलांचे बूट विकणारा, लेओन शहरातला. आपल्याकडे चपला म्हटलं की कोल्हापूर, तसं मेक्सिकोत बूट म्हटलं की लेओन. त्याला ऑनलाइन दुकान हवं होतं. आमच्याकडे इंग्रजीतलं तयार होतं. मी म्हटलं, सोपंय की! भाषांतर करून घेऊ, चलन बदलू, झालं.

स्पॅनिश म्हणजे केवढी भाषा! मातृभाषा म्हणून बोलणारे जवळपास ५० कोटी लोक, आणि २० देशांचा कारभार तिच्यात चालतो. मला वाटलं, एकदा भाषांतर केलं की एवढं सगळं मार्केट खिशात. (आणि हो, ब्राझील त्यात येत नाही बरं का! तिथे पोर्तुगीज बोलतात. ही चूक मीटिंगमध्ये करू नका, मी केलीय.)

पहिला झटका भाषेनेच दिला. भाषांतर करणारा स्पेनमधला होता. त्याने स्पोर्ट्स शूजना लिहिलं ‘सापातिय्यास’. स्पेनमध्ये ते बरोबरच आहे. पण मेक्सिकोत त्या शब्दाने बायकांच्या उंच टाचांच्या चपला डोळ्यांसमोर येतात. मुलांच्या स्पोर्ट्स शूजना तिथे म्हणतात ‘तेनिस’. आई गुगलवर ‘तेनिस’ शोधतेय आणि आमच्या पानावर तो शब्दच नाही. मग ती येणार कुठून? पैसे जाहिरातीवर चालले होते आणि चूक एका शब्दाची होती.

दुसरा झटका माझ्या कोडने दिला. पानाचा पत्ता तयार करताना मी अक्षरांवरच्या सगळ्या खुणा काढून टाकत होतो. स्पॅनिशमध्ये एनवर लाटेसारखी खूण असलेलं ‘एन्ये’ नावाचं अक्षर आहे. ते स्वतंत्र अक्षर आहे, जसा आपला ‘ळ’ हा ‘ल’ नाही. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. लाट काढली की होतं ‘आनो’, आणि तो शरीराचा असा भाग आहे की मी इथे नाव घेणार नाही! आमच्या नवीन वर्षाच्या सेलच्या पानाचा पत्ता काय झाला असेल, विचार करा.

यावर आपण हसू शकतो. पुढच्या गोष्टीवर मला आजही हसता येत नाही.

मेक्सिकोत बऱ्याच लोकांकडे आजही क्रेडिट कार्ड नाही. मग ऑनलाइन खरेदी कशी करतात? तिथे ‘ऑक्सो’ नावाची छोटी दुकानं आहेत, देशभर २० हजारांहून जास्त. तुम्ही वेबसाइटवर ऑर्डर दिली की बारकोड असलेली पावती मिळते. ती घेऊन कोपऱ्यावरच्या ऑक्सोत जायचं, काउंटरवर रोख पैसे भरायचे. पैसे मिळाल्याचा निरोप आमच्या सर्व्हरला नंतर येतो, कधी कधी थेट दुसऱ्या दिवशी.

आणि मी काय लिहिलं होतं? ३० मिनिटांत पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द, माल पुन्हा स्टॉकमध्ये. आपल्याकडे यूपीआयला हे चालतं, दोन मिनिटांत काम होतं. पण ती बाई संध्याकाळी कामावरून सुटणार, मग ऑक्सोत जाणार. तिने पैसे भरले. निरोप आला. माझ्या कोडने पाहिलं, ऑर्डर तर रद्द आहे, आणि निरोप सोडून दिला. पैसे आमच्याकडे आणि बूट गोदामात.

महिना डिसेंबरचा. तिकडे ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. आदल्या रात्री मुलं आपला बूट बाहेर काढून ठेवतात आणि सकाळी त्याच्याजवळ भेटवस्तू मिळते. क्लायंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका आईचा मेसेज आला. सोबत ऑक्सोच्या पावतीचा फोटो. तिने विचारलं होतं, मी पैसे भरलेत, माझ्या मुलाचे बूट राजांच्या सणासाठी आहेत, तुम्ही लोक खरे आहात ना?

मी लॉग उघडले. अशा ४१ ऑर्डरी होत्या.

आपल्याकडचं कॅश ऑन डिलिव्हरी आठवा. वस्तू हातात आली की पैसे, म्हणजे धोका दुकानदाराचा. ऑक्सोत उलटं आहे. ग्राहक आधी रोख देतो आणि हातात फक्त एक चिठोरी उरते. कधी न पाहिलेल्या दुकानावर एवढा भरवसा तो टाकतो. आणि मी त्याला ‘टाइमआउट’ समजलो.

मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. ती रात्र आम्ही जागून काढली. ऑर्डर रद्द करायची मुदत ३ दिवस केली. उशिरा आलेल्या पैशाने ऑर्डर पुन्हा जिवंत होईल असं केलं. क्लायंटच्या लोकांनी प्रत्येक घरी फोन केला. बहुतेक बूट ५ तारखेच्या आत पोचले, काही नाही पोचले. त्या आईचे पोचले. पण ज्यांचे नाही पोचले त्यांना रिफंड देऊन ती सकाळ परत देता येत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हे करणार असेल तर माझं ऐका. ‘स्पॅनिश मार्केट’ असं काही नसतं, एक देश निवडा. भाषांतर त्याच देशातल्या माणसाकडून करून घ्या. किमतीचे आकडे तपासा, कारण १.२९९ म्हणजे अर्जेंटिनात बाराशे नव्व्याण्णव आणि मेक्सिकोत सव्वाच्या थोडं वर. पेसोलाही डॉलरचंच चिन्ह वापरतात, म्हणून चलनाचं नाव लिहा. दोन आडनावांना जागा ठेवा, आधी वडिलांचं, मग आईचं. आणि कोड लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारा: इथला माणूस पैसे कसे देतो, आणि कधी?

मी हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला.

तुमच्याकडे असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, भेटूया!