चंद्रावरचा ससा कोणाचा?

निवृत्त शिक्षकाला छंद कोणता, असें विचारलें तर बागकाम, भजन किंवा नातवंडांचा अभ्यास यांपैकीं एखादें उत्तर अपेक्षित असतें. माझें उत्तर ऐकून लोक प्रथम हसतात आणि मग काळजीनें माझ्याकडे पाहूं लागतात. शहापूर-मुरबाडकडील खेड्यांच्या शाळांत हयात घालविलेला, केवळ मॅट्रिक झालेला हा मास्तर गेलीं वीस-बावीस वर्षें चीन व जपान या देशांतील मध्ययुगीन कथा आणि आख्यायिका यांचा मागोवा घेत बसला आहे. मला चिनी येत नाहीं, जपानीहि येत नाहीं. इंग्रजी येतें तें कोशाची काठी टेकीत चालण्यापुरतें. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें पंडिताचें संशोधन नव्हे. ती एका जिज्ञासूची टिपणवही आहे, आणि एका विद्यार्थ्याचें राहून गेलेलें देणें आहे.

या छंदाचा उगम इतिहासाच्या तासांत झाला. सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू भारतांत आला आणि पुलकेशीच्या अमदानींत महाराष्ट्रांतहि येऊन गेला. येथील लोक उपकार विसरत नाहींत, अपमान सहन करीत नाहींत आणि सूड घेण्यापूर्वीं शत्रूला सूचना देतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. हा पाठ शिकवितांना मुलांच्या छात्या फुगत, माझीहि फुगे. एके दिवशीं मनांत आलें कीं, याच्या वहींतून आपण आपली स्तुति तेवढी उतरवून घेतों, परंतु इ. स. ६४५ मध्यें तो मायदेशीं परतला तेव्हां येथल्या कोणत्या गोष्टी त्यानें बरोबर नेल्या, आणि पुढें त्यांचें काय झालें?

त्या प्रश्नानें मला घराबाहेर काढलें. मुरबाडहून एस. टी. नें कल्याणला जावें, १८६४ सालीं स्थापन झालेल्या तेथील सार्वजनिक वाचनालयांत बसावें, कधीं ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापर्यंत मजल मारावी, आणि मिळेल तें उतरवून शेवटच्या गाडीनें परत यावें, असा माझा क्रम सुरू झाला. ह्युएनत्संगाच्या प्रवासवृत्ताचें सॅम्युएल बील यानें १८८४ मध्यें प्रसिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर अखेर हातीं आलें, तेव्हां त्याच्या वाराणसीच्या वर्णनांत मला एक ससा भेटला.

तो ससा आपल्या ओळखीचाच आहे. पाली जातकांत ३१६ व्या क्रमांकाला ‘सस जातक’ आहे; दुर्गाबाई भागवत यांनीं ‘सिद्धार्थ जातक’ या नांवानें जातककथा मराठींत आणल्या आहेत, त्यामुळें आपल्या वाचकांना ती दुर्मिळ नाहीं. ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर हे चौघे मित्र. शक्र, म्हणजे इंद्र, याचकाच्या वेषानें त्यांची परीक्षा पाहण्यास येतो. इतर तिघे आपापली शिकार व फळें पुढें करतात. सशाजवळ गवताखेरीज कांहीं नाहीं. म्हणून तो स्वतःचा देह द्यावयाचा निश्चय करून अग्नींत उडी घेतो. शक्र प्रसन्न होऊन त्याचें चित्र चंद्रावर कोरून ठेवतो.

आतां गंमत पाहा. वाराणसीजवळच्या एका स्तूपाच्या संदर्भांत ह्युएनत्संगानें हीच कथा सांगितली आहे. परंतु त्याच्या कथेंत प्राणी तीनच आहेत: कोल्हा, माकड आणि ससा. पाणमांजर नाहींच. त्यानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं, बाराव्या शतकाच्या आरंभीं, जपानांत ‘कोन्जाकु मोनोगातारिशू’ नांवाचा एक प्रचंड कथासंग्रह तयार झाला. त्याचे मूळ खंड एकतीस. त्यांतील तीन आज उपलब्ध नाहींत. तरीहि हजाराहून अधिक गोष्टी उरल्या आहेत. पहिले पांच खंड भारताचे, पुढचे पांच चीनचे आणि बाकीचे जपानचे. आपल्या कहाण्यांत जसें आटपाट नगर ठरलेलें, तसे तेथेंहि गोष्टीच्या आरंभाचे शब्द ठरलेले आहेत. त्यांतील पांचव्या खंडांत आपला ससा आहे. आणि तेथेंहि त्याचे सोबती दोघेच, कोल्हा आणि माकड!

श्रोतेहो, प्राणी मोजण्याला संस्कृत लागत नाहीं कीं चिनी लागत नाहीं. शाळेची हजेरी घेणाऱ्या मास्तराला तें सहज जमतें. चौघांची कथा पालींत, तिघांची ह्युएनत्संगाच्या ग्रंथांत आणि तिघांचीच जपानांत. म्हणजे ही कथा जपानला पोहोंचली ती पाली जातकाच्या वाटेनें नव्हे, तर ह्युएनत्संगानें नोंदलेल्या वाटेनें, असें अनुमान निघतें. जाणत्या अभ्यासकांनीं हा संबंध पूर्वींच दाखविला आहे, हें मला मागाहून कळलें. तथापि स्वतःच्या पेन्सिलीनें तो सांपडला त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी वर्गांत गेलों तो विजयी वीराच्या थाटांत. त्या वेळीं मी एका वाडीवरील शाळेंत होतों. मुलांना मीं सांगितलें कीं, चीनमधले लोक चंद्रावर ससा पाहतात, तो खलांत अमृतासारखें औषध कुटतो. जपानमधलेहि ससाच पाहतात, पण तो उखळांत मुसळानें भात कांडावा तसा चिकट तांदुळाचा गोळा कुटतो. आमच्या भाताच्या मुलखांतील मुलांना मुसळ घेतलेला ससा फारच आवडला. आणि मग मीं निकाल देऊन टाकला, “हा ससा त्यांनीं आपल्याकडून नेला. त्यांच्याकडे तो नव्हताच.”

मागच्या बांकावरून एका कातकरी मुलानें विचारलें, “गुरुजी, तेथल्या लोकांना चांद दिसत नाय का?”

सारा वर्ग हसला. मीहि हसलों आणि धडा पुढें नेला. दिवाळीनंतर त्या मुलाचें कुटुंब वीटभट्टीवर गेलें. आमच्या भागांतील अनेक कातकरी कुटुंबें दरवर्षीं अशींच जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. तो मुलगा मात्र शाळेंत पुन्हा आला नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं माझ्या वाचनांत मावांगदुईची हकीकत आली. चीनमधील छांगशा शहराजवळ १९७२ सालीं एका सरदारपत्नीची कबर उघडली गेली. ती इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील. तिच्या शवपेटिकेवर चित्रें काढलेलें एक रेशमी वस्त्र होतें, आणि त्या वस्त्रावर चंद्राच्या कोरीपाशीं एक बेडूक व एक ससा स्पष्ट काढलेले आहेत. बौद्ध धर्म चीनमध्यें पोहोंचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. म्हणजे आपले भिक्षू जातककथा घेऊन तेथें जाण्याच्या कितीतरी आधीं चिनी चंद्रावर ससा बसलेला होता! इतकेंच नव्हे, समुद्रापलीकडे मेक्सिकोंतील ॲझटेक लोकांतहि, देवांनीं चंद्राच्या तोंडावर ससा फेकून त्याचें तेज कमी केलें, अशी कथा होती. सोळाव्या शतकांत एका स्पॅनिश धर्मोपदेशकानें ती लिहून ठेवली. तेथें तर आपल्याकडचा कोणी कथा घेऊन गेला नव्हता. चंद्र एकच, त्यावरचे डाग तेच. डोळे असणाऱ्या कोणालाहि त्यांत ससा दिसूं शकतो. त्या मुलाच्या प्रश्नांत हेंच सारें होतें, आणि मीं त्याला हंसून वाटेला लावलें होतें.

मग आपलें कांहींच गेलें नाहीं काय? गेलें, परंतु गेली ती कथा. याचकासाठीं अग्नींत उडी घेणारा, दान म्हणजे काय हें शिकविणारा ससा येथून गेला. नुसता ससा त्यांचा त्यांच्यापाशींच होता. या दोहोंतील भेद ओळखणें हाच माझ्या मतें या अभ्यासाचा सारा कस आहे.

त्या दिवसापासून माझ्या वहीच्या पानावर दोन रकाने असतात. एकावर लिहितों ‘गेलें असें दिसतें’, दुसऱ्यावर ‘सारखें दिसतें’. चीनच्या ‘पश्चिमयात्रा’ या कादंबरींतील वानरवीर सुन वुखुंग हा ह्युएनत्संगाचाच सोबती म्हणून रंगविलेला आहे. तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ ची. त्याला पाहतांच आपल्याला मारुतिराय आठवतो. हु श या चिनी पंडितानें त्याचें मूळ हनुमानांत शोधलें. लू शुन यानें तें चीनमधल्याच एका वानररूपी जलदैत्यांत शोधलें. घरांतलेच दोन थोर विद्वान जेथें एकमत नाहींत, तेथें मुरबाडच्या मास्तरानें निकाल देऊं नये. तो वानर अद्याप माझ्या दुसऱ्या रकान्यांत आहे.

हा संयम कसा असावा हें आपल्याच माणसांकडून शिकतां येतें. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतील पालीचे अध्यापक पु. वि. बापट यांनीं चिनी भाषेचा अभ्यास केला आणि ‘अर्थपदसूत्र’ हा केवळ चिनी अनुवादरूपानें उरलेला ग्रंथ इंग्रजींत आणून पालीशीं ताडून पाहिला. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चे संस्कृतांत निम्मेच सर्ग उरले आहेत, अठ्ठावीस सर्गांचें पूर्ण काव्य चिनी व तिबेटी अनुवादांत सुरक्षित आहे. आपण दिलें, हें खरें. पण त्यांनीं जपलें, हेंहि तितकेंच खरें. देण्याचा अभिमान बाळगणारानें जपणाराचे आभार मानावयास नकोत काय?

आतां कोजागरी जवळ येत आहे. चीन-जपानचा चंद्रोत्सव बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास होऊन गेलेला असतो; म्हणजे आपण दूध आटवूं तेव्हां त्यांचा ससा कुटून दमलेला असेल. गच्चीवर बसाल तेव्हां मुलांना ससा जरूर दाखवा, त्याची गोष्टहि सांगा. आणि एखाद्यानें आडवा प्रश्न विचारला तर माझ्यासारखे हसूं नका.

तो मुलगा आज तिशीच्या घरांत असेल. कोणत्या भट्टीवर आहे, कीं स्वतःची चूल मांडून सुखांत आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, त्यांना चंद्र दिसतो. तुझा प्रश्न बरोबर होता. चूक तुझ्या गुरुजींची होती.