काटकसर आणि पडताळणी



सातबारा उतारा असो, शाळेचा पट असो की पंचायतीची घरपट्टी, ही कामे आता संगणकावर होतात. प्रोग्राम अचानक बंद पडला, तर दोष यंत्राला किंवा कर्मचाऱ्याला दिला जातो. क्वचित तो या दोहोंच्या मधल्या साधनात, म्हणजे कंपायलरमध्ये, असतो.

माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणे हे कंपायलरचे कार्य होय. ते करताना तो अनावश्यक आज्ञा गाळतो आणि वेळ वाचवतो. दिंडोशीच्या टेकड्यांपलीकडे, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, या काटकसरीचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. एकच हिशेब पुन्हा पुन्हा करणे कसे टाळावे, यावर प्रा. ढमढेरे यांचे संशोधन मान्यता पावले. पुढे प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तेथे ‘जीसीसी’ या खुल्या कंपायलरच्या अंतर्रचनेचे शिक्षण देण्यात आले.

काटकसर कोठे घातक ठरते, हे २००९ साली लिनक्सच्या एका भागात दिसले. तेथे स्मृतीतील एक पत्ता आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे काय, ही तपासणी नंतर लिहिली होती. ज्याअर्थी पत्ता वापरला, त्याअर्थी तो रिकामा नसणार, असे गृहीत धरून कंपायलरने तपासणीच गाळली. क्रम चुकला होता प्रोग्राम लिहिणाऱ्याचा. परंतु त्यामुळे घुसखोराला वाट मोकळी झाली. पुढे अशी तपासणी न गाळण्याची स्पष्ट सूचना कंपायलरला देण्यात आली.

कंपायलरचे स्वतःचे दोषही असतात. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी यादृच्छिक प्रोग्राम तयार करून निरनिराळ्या कंपायलरांची उत्तरे ताडून पाहिली. तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून अधिक अज्ञात दोष कळविले, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. काही दोषांनी कंपायलरच बंद पडे. काहींमुळे चुकीचे उत्तर निमूटपणे मिळे. हा दुसरा प्रकार अधिक भयंकर, कारण बंद पडलेला प्रोग्राम निदान तक्रार तरी करतो.

म्हणून प्रणाली स्वीकारताना प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या प्रोग्रामचीच चाचणी घेणे अगत्याचे आहे. कंपायलरची आवृत्ती बदलल्यास जुन्या नोंदींवर ती पुन्हा घ्यावी. शंका आल्यास काटकसर बंद ठेवून तोच प्रोग्राम चालवावा. उत्तरे भिन्न आली, तर प्रथम प्रोग्राम तपासावा, मग कंपायलर. आणि दोषाचा लहानात लहान नमुना निर्मात्यांना कळवावा.

दप्तरातील एखादी सही निरर्थक म्हणून वगळण्यापूर्वी ती कशाची राखण करते, हे जाणता अधिकारी विचारतो. यंत्राच्या काटकसरीलाही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे.