टाकी भरली की बेल

(बेलापूर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज हप्त्याचं काही बोलत नाही. ही पिशवी बघा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक बझर, थोडी वायर, एक रेझिस्टर आणि हा तीन पायांचा काळा दाणा. याला ट्रान्झिस्टर म्हणतात, दुकानात ‘बीसी ५४७’ मागायचा. दाणा काही रुपयांत मिळतो. एवढ्या सामानात पाण्याच्या टाकीची बेल होते. रात्री लाईट येते, मोटर लावून आपला डोळा लागतो आणि सकाळी अंगणात तळं. हे कोणाच्या घरी झालं नाही, तिनं हात वर करा!

आता हा दाणा करतो काय? आपण प्रवरेच्या पाटावरच्या बाया. पाटकरी चाक थोडं फिरवतो आणि केवढं पाणी सुटतं. ट्रान्झिस्टर तसाच. मधल्या पायाला जराशी वीज मिळाली की बाजूच्या दोन पायांमधून मोठा प्रवाह सुटतो.

दाण्याची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डाव्या पायाला बझरची काळी वायर. बझरची लाल वायर बॅटरीच्या अधिकला. उजवा पाय बॅटरीच्या उणेला. मधल्या पायाला एक हजार ओहमचा रेझिस्टर, त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात, आणि त्याच्या पुढे एक लांब वायर. दुसरी लांब वायर थेट बॅटरीच्या अधिकपासून. या दोन वायरींची उघडी टोकं टाकीत वरच्या बाजूला, अर्ध्या इंचाच्या अंतरावर ठेवायची. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की बेल वाजते. तोवर बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. एक मात्र करा, टोकांना स्टीलचे स्क्रू लावा. तांब्याची तार पाण्यात हिरवी पडते, आणि ते पाणी आपण पितो.

पहिल्यांदा वाजणार नाही. खरंच सांगते. मी पहिला एलईडी रेझिस्टर न लावता थेट बॅटरीला जोडला. एकदा लखकन पेटला आणि कायमचा गेला. मी समाजकार्य शिकले, इलेक्ट्रॉनिक्स नाही. दुसऱ्या वेळी पाय उलटे लावले होते. पण नऊ व्होल्टवर चूक झाली तर एखादा दाणा जातो, शॉक बसत नाही. म्हणून शिकायचं ते सेलवर. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला, बल्बच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही. मोटरच्या स्टार्टरला तर नाहीच.

“बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं” असं घरात कोणी म्हणेल. त्यांना सांगा, आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांनी स्वतः सोल्डरिंग करून मुलांच्या अभ्यासाचे दिवे जोडले. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी गटांतल्या बायका दिव्यांपासून सुरू करून सौर पॅनेलच्या कारखान्यापर्यंत गेल्या. आणि लांब कशाला, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे हातानं करतच शिकवतात.

डुंगरपूरचं ऐकून काही जणींचे डोळे चमकले, ते मला दिसलं. म्हणून आत्ताच बोलते. मी धंदा सांगायला आले नाही. “बल्ब बनवायचं मशीन घ्या, माल आम्हीच परत घेतो” असं सांगत कोणी आलं, तर गटाची बचत काढून देऊ नका आणि त्यासाठी कर्जाचा ठरावही करू नका. डुंगरपूरच्या बायकांमागे प्रशिक्षण होतं, संस्था होती, ठरलेली मागणी होती. आपल्याकडे सध्या एक बेल आहे. ती आधी वाजू द्या. आवड म्हणून करा, पोरींना सोबत घ्या. पोरगी नववीत असेल तर ओहमचा नियम तिच्या पुस्तकातच आहे, ती तुम्हाला सांगेल.

पुढच्या बैठकीला घरातलं बंद पडलेलं खेळणं, जुना रेडिओ, जी असेल ती वस्तू घेऊन या. फक्त सेलवर चालणारी. प्लगवालं काही आणलं तर मी दारातूनच परत पाठवीन. आता दोघी-दोघी बसा, वायर सोलायला घ्या. विळी नको, कात्री आहे माझ्याकडे.