पाळी थांबते, काम नाही



सुरतेत लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं आहेत.
तिथल्या अनेकजणी घरी बसून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात.
मजुरी नगावर.

पंचेचाळिशीच्या आगेमागे पाळी अनियमित होते.
अंगातून वाफा निघतात.
रात्रीची झोप उडते.
सकाळी सुईत दोरा ओवण्यात लक्ष लागत नाही.
नग कमी, तर पैसे कमी.
रजा कुठली!

हा आळस नाही, बरं का.
अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतंय.

साडी सिंथेटिक शिवा, पण वाफा निघतात, तर अंगावर सुतीच घाला.

वर्षभर पाळी आली नाही, म्हणजे ती थांबली.
त्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा.
पुन्हा सांगते.
पाळी थांबल्यावर रक्त दिसलं, तर लगेच दाखवा.
सुरतेत स्मीमेर हॉस्पिटल आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे.
केसपेपरच्या रांगेत सोबतीला शेजारणीला न्या.