सौरपंपाच्या प्लेटा फिरवा



शेतात सौरपंप बसला की त्याच्या स्टँडकडे सहसा कुणी पुन्हा बघत नाही. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून वर्षभर तशाच. मग पाणी दुपारी जोरात येतं आणि सकाळी नुसती करंगळीएवढी धार. मला याची फार हळहळ वाटते, कारण वाया जाणारं ते ऊन बरंचसं पदरात पाडून घेता येतं.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पुण्या-नाशिककडे तो मध्यावर येतो साधारण साडेबाराला. म्हणजे सकाळी साडेआठला तो मध्यापासून ६० अंश पूर्वेला असतो, आणि जागेवर खिळलेल्या प्लेटेला त्या तिरक्या उन्हाचा जेमतेम निम्मा लाभ होतो. निम्म्या उन्हात निम्मं पाणी मिळालं असतं, तरी चाललं असतं. पण पंपाने ठरावीक वेग घेतल्याशिवाय पाणी वर चढतच नाही. तोवर मोटर फिरते, पाइप कोरडा. बोअर जितकी खोल, तितका हा खोळंबा मोठा.

मोठ्या सौर प्रकल्पांत प्लेटांच्या रांगा मोटरच्या जोरावर सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतात. त्यामुळे वर्षाची वीज साधारण १५ ते २५ टक्के वाढते. घराच्या छतावर मात्र हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटर, तिची देखभाल, वाऱ्याचा ताण, एवढ्या खर्चात एखादी प्लेट वाढवलेली बरी.

शेतात तर मोटरही लागत नाही. प्लेटा दिवसातून तीनदा हाताने वळवता याव्यात आणि ऋतूप्रमाणे त्यांचा कल बदलता यावा, अशी सोय केंद्र सरकारच्या सौरपंपाच्या निकषांतच सांगितली आहे. तुमच्या स्टँडला ती आहे का, बघा. असेल तर सकाळी पूर्वेला, अकराच्या सुमारास मध्यावर, दोननंतर पश्चिमेला वळवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा प्लेटा जास्त उभ्या करा. मे महिन्यात तो डोक्यावर येतो, तेव्हा जवळजवळ आडव्या. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना उजेड चहूकडून येतो, त्या दिवसांत फिरवून फारसं काही हाती लागत नाही.

वळवाचा वारा सुटायची चिन्हं दिसली, की आधी प्लेटा आडव्या करून पिन घट्ट बसवा. आणि प्लेटा वळवताना केबलला ओढ बसत नाही ना, तेवढं दर वेळी बघा.